उलट्या दाराची फियाट

१

कमलाकांत सरांनी पोलिसाला मारलं, यावर अमरावतीत कुणाचा विश्वास बसला नाही. पण त्या रविवारी ज्याने त्याने ही गोष्ट दुसऱ्याच्या कानावर मात्र घातली.

त्यांच्या सुनेला, इशिताला, ती अकोल्यात कळली. लहानग्या जुईलीला ती वरणभात भरवत होती. शुभंकर फोन कानाला लावूनच बाहेर आला आणि दारातच खाली बसला.

"बाबांवर गुन्हा दाखल झालाय. नाक्यावर अडवलं तर ट्रॅफिकच्या पोराला गाडीचं दार हाणलं म्हणे. मनगट मोडलं त्याचं."

"बाबांनी?"

"चौकीत बसवून ठेवलं होतं, तिथेच कोसळले. झटका आलाय, इशिता. वाचा गेली."

जुईलीने तोंडातला घास फुर्रकन उडवला आणि स्वतःवरच खूश होऊन हसली. इशिताला तिचं तोंड पुसायचंही सुचलं नाही.

तिचे सासरे म्हणजे जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलेला माणूस. वर्गात कुणी कागदाचं विमान उडवलं, तर ते उचलून, पंख नीट करून ज्याचं त्याला परत देणारा. शौक म्हणावा तर एकच. वडिलांनी घेतलेली आकाशी रंगाची जुनी फियाट. गीअर स्टिअरिंगलगत, आणि पुढची दारं सगळ्या जगाच्या उलट उघडणारी. दर रविवारी सकाळी ते ती बाहेर काढत. मागोमाग तिवस्याचे त्यांचे मित्र पंजाबराव आपली उघडी, मोठ्या चाकांची, इंजिन बदललेली जीप घेऊन निघत. अकोला रोडवर चहा पिऊन दोघं परत. नाक्यावरचे पोलीस फियाटला सलाम ठोकत, तिच्यासोबत फोटो काढून घेत आणि जीपची पावती फाडत. "मास्तर, तुले सलाम अन् मले चलान," पंजाबराव म्हणत, "अन् गाडी तं तुही माह्या जीपीपेक्षा म्हातारी!"

त्याच नाक्यावर हे झालं होतं.

अमरावतीच्या दवाखान्यात बाबा डोळे मिटून पडले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवं अंग लाकडासारखं. हलत होता तो फक्त डावा हात. खोलीबाहेर स्टुलावर एक शिपाई बसलेला. "आरोपीजवळ एकाच जणाले थांबता येईन," तो म्हणाला. आरोपी. शुभंकरने त्याच्याकडे असं पाहिलं, की इशिताने त्याचा दंड धरून ठेवला.

"तू वकिलीची सनद घेतलीयस ना?" बाहेर आल्यावर तो म्हणाला. "मग बाबांनी मारलं नाही, एवढं मला सिद्ध करून दे. कोर्ट गेलं खड्ड्यात. त्यांच्या नावाला डाग राहता कामा नये."

तेवढ्यात फौजदार अद्वैत आला. हा सरांचाच विद्यार्थी. नाका त्याच्याच हाताखाली. पण सकाळी ते घडलं तेव्हा तो दुसऱ्या बंदोबस्तावर होता. आला तेव्हा सर चौकीच्या बाकावर बसलेले होते.

"वहिनी, मी पाय धरले त्यांचे," अद्वैत म्हणाला. "म्हटलं, सर, एकदा फक्त 'नाही' म्हणा, पुढचं मी बघतो. तर मला म्हणाले, 'अद्वैत, लिही. माझ्याच हातून झालं.'"

२

ज्याचं मनगट मोडलं तो शिपाई विपुल चौकीमागच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. कोपरापर्यंत प्लास्टर. वय असेल शुभंकरहून चार-पाच वर्षांनी लहान.

"आमी काय जुन्या गाड्यांचे दुश्मन हाओत काय, म्याडम?" इशिताने नाव सांगताच तो सुरू झाला. "एक दिवस हुकूम येते, फियाट आली का सोडा, सर हायेत. दुसऱ्या दिवशी म्हनते, अडवा. मोठ्या सायलेन्सरवाला आला का पकडा, त्याचा मामा आला का सोडा. शिव्या कोनाले? आमाले."

"तुम्ही गाडीची चावी काढून घेतलीत?"

"काढली."

"कायद्यात बसतं ते?"

"कायद्यात लय काही बसत नाई. गाडी पळून गेल्यावर कायदा धावते काय तिच्या मांगं?"

इशिताला नको असताना हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. "मग काय झालं?"

"मंग गाडीच्या मांगं गेलो. नंबरप्लेटचा फोटो घेतला. अन् मोबाइलात पाहत पाहत ड्रायव्हरच्या बाजूनं पुढे येऊन राहिलो होतो. येता येता टपावर काठी वाजवली. म्हटलं, उतरा म्हाताऱ्या. तसं म्हनाले नोको होतं. पन तोंडाले सवय पडली."

"आणि दार उघडलं."

"उघडलं म्हंजे! दाराची धार सरळ मनगटावर. मोबाइल गेला उडून, मी खाली. डोळ्यापुढे काजवे. वर पाहतो तं सर उभे. म्हनते, 'लागलं का बाळा? माझ्याच हातून झालं.'"

"बाळा म्हणाले?"

"हाव ना! तेच तं डोक्यातून जाऊन नाई राहिलं. मारनारा मानूस बाळा म्हनते काय?"

"दार उघडण्याआधी ते गाडीतून उतरले असतील?"

"छ्या. काठी मारली तवा त्याईचे दोनी हात स्टिअरिंगवर होते. म्या पाह्यले ना, काचेतून."

"आणखी कुणी होतं तिथे?"

"गाडीत सर एकटे, बाजूची सीट रिकामी. मांगं जीपवाला होता त्याईचा दोस्त. लोक जमेपर्यंत तो फुर्र! दोस्त म्हनवते अन् पळते."

पंजाबराव पळाले? फोनही ते उचलत नव्हते. इशिता उठली. जाता जाता तिने विचारलं, "नेहमी सलाम करायचा, मग त्या दिवशी अडवायचा हुकूम का आला?"

विपुलने प्लास्टरवरची नसलेली धूळ झटकली.

"साहेबाले फोन आलता म्हनते," तो हळूच म्हणाला. "तुमच्याच घरून."

३

घरी सासूबाई, रमाबाई, देवघराशी बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, कपाळावर ओलं कुंकू. इतकी वर्षं टिकली लावणाऱ्या रमाबाई गेले काही महिने पुन्हा कुंकू लावायला लागल्या होत्या. वय झालं की माणूस देवाकडे वळतं, असं इशिताने धरून घेतलं होतं.

"हे आले नाहीत अजून?" त्यांनी विचारलं.

"आई, बाबा दवाखान्यात आहेत. सांगितलं ना मघाशी."

"हो का," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने पुन्हा, "हे आले नाहीत अजून?"

स्वयंपाकाच्या गोदाबाईंनी इशिताला खुणेनेच आत बोलावलं. "धसका घेतला बाईनं. त्या दिवशी मी दुपारी आली, तवापासून हेच चालू हाय. घरीच बसेल होत्या, देवघरात, अन् पायात चप्पल तशीच! मीच काढली. भान नाई रायलं बिचारीले."

जुईली रांगत रमाबाईंकडे गेली, तशी इशिताने तिला पटकन उचललं. का, ते तिला सांगता आलं नसतं. आईचं मन नुसतंच घाबरत असतं, त्याला कारण लागत नाही.

शुभंकर वरच्या खोलीत होता. इशिताने दार लोटून घेतलं.

"अद्वैतला फोन कुणी केला होता?"

तो खिडकीकडे वळला. "मी."

"का?"

"बाबांची नजर गेलीय, इशिता. डाव्या बाजूचं दिसत नाही त्यांना नीट. मागच्या महिन्यात फाटकाला घासली गाडी. रविवारी दुपारपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवत नाही. आणि तू इथे आलीस की जुईलीला मांडीवर घेऊन फिरवायला बघतात! घरच्यांचं ऐकतात का ते? म्हटलं, पोलिसाने एकदा समज दिली तर ऐकतील. अद्वैतला म्हटलं, जरा दटाव. एवढंच." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी पोलीस लावले माझ्या बापामागे. आता त्यांनी खरंच रागाने मारलं असेल, तर तेही माझ्यामुळेच. म्हणून म्हणतो, शोध. त्यांनी मारलं नाही हे शोधून काढ. नाहीतर मला जगता यायचं नाही."

इशिता त्याच्या शेजारी बसून राहिली. फोन करायची कल्पना त्याची. पण या भीतीत तीही वाटेकरी होतीच. जुईली त्या गाडीत बसली की ती स्वतः फाटकात उभी राहायची, गाडी परत दिसेपर्यंत.

"मला गाडी बघायची आहे," ती म्हणाली.

४

फियाट चौकीच्या आवारात उभी होती. भोवती जप्त केलेल्या बुलेटी, कापून काढलेल्या सायलेन्सरांचा ढीग, टप नसलेली एक जिप्सी. त्या सगळ्या रांगड्या गाड्यांत ती आकाशी फियाट तुरुंगात आणून बसवलेल्या शाळामास्तरीणबाईंसारखी दिसत होती.

"बघा," अद्वैत म्हणाला. "पण वहिनी, सरांनी सांगितलंय, विपुलनेही तेच सांगितलंय. काय निघणार आहे?"

इशिता विपुलसारखीच गाडीच्या मागे गेली आणि ड्रायव्हरच्या बाजूने एकेक पाऊल पुढे आली. मग तिने पुढचं दार उघडलं. ते नेहमीसारखं उलट उघडलं. बिजागरी मधल्या खांबाला, मोकळी कडा पुढच्या बाजूला. जुईलीला घेऊन या दारातून बसताना तिची ओढणी दर वेळी अडकायची.

ती जागीच थबकली.

मागून येणाऱ्या माणसाला या दाराची कडा लागणारच कशी? त्याच्या बाजूला तर बिजागरी येते. उघडलेल्या दाराची पाठ त्याला दिसेल, फार तर तिच्यावर तो धडकेल. धार पुढे. ती लागायची तर माणूस गाडीच्या तोंडाकडून यायला हवा.

"अद्वैत, तुमचा शिपाई खोटं बोलतोय!" तिचा आवाज आनंदाने चिरकला. "दुसऱ्या कुठल्याही गाडीचं दार असं लागलं असतं. या गाडीचं नाही!"

अद्वैत दाराकडे बघत राहिला. "पण वहिनी, हात तर त्याचा खरंच मोडलाय. एक्स-रे मी स्वतः पाहिलाय. आणि तो खाली पडलेला दहा जणांनी पाहिलाय."

हात खरा होता. काजवे खरे होते. "बाळा" खरं होतं. ते विपुलला रचून सांगता आलं नसतं. म्हणजे पोरगा खरं बोलत होता. धार लागली होती, आणि मागून येतानाच लागली होती.

अद्वैतला कुणीतरी हाक मारली, तसा तो आत गेला. इशिताचा हात आपोआप मागच्या दाराच्या मुठीवर गेला. मागचं दार सरळ उघडलं, सगळ्या गाड्यांचं उघडतं तसं. त्याची धार येऊन तिच्या मनगटापाशी थांबली.

मागच्या दारानेच लागलं होतं. आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात असलेल्या माणसाला मागचं दार उघडता येत नाही.

मागे कुणीतरी बसलेलं होतं.

ती वाकून आत शिरली. सीट रिकामी, स्वच्छ. मग तिचं लक्ष काचेकडे गेलं. खिडकीच्या काचेवर आतून, बसलेल्या माणसाने डोकं टेकवलं तर येईल तेवढ्या उंचीवर, एक पुसट लाल डाग होता. तिने बोटाने घासला. बोटाला कुंकू लागलं.

देवघरात चप्पल घालून बसलेली बाई त्या सकाळी घरातच नव्हती. ती बाहेरून येऊन तशीच बसली होती.

अद्वैत परत येत होता. इशिताने ओढणीच्या टोकाने काच पुसून टाकली, आणि आपण हे काय केलं ते तिला पुसून झाल्यावर कळलं.

५

पंजाबराव दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी सापडले. जीप दुसऱ्याच गल्लीत लावलेली. रोज येत आणि आत न जाता परत जात, हे तिथल्या चहावाल्याने सांगितलं. धिप्पाड माणूस, डोळे लाल.

"काका, तुम्ही पळून गेला नव्हतात," इशिता म्हणाली. "तुम्ही आईंना घरी पोचवायला गेला होतात."

त्यांनी मान वर केली नाही. "कोनं सांगतलं?"

"गाडीनं."

"मास्तर म्हनेच, पोरगी हुशार हाय. भेव तुहंच होतं आमाले."

फाटकाबाहेर बाकड्यावर ते बसले. चहाचा कप हातात तसाच निवत होता.

"वहिनीचं डोकं ठिकानावर राह्यत नाई आता, बाई. डॉक्टरले नागपुरात दाखवलं मास्तरनं, गुपचूप. काही दिवस चांगल्या राह्यते, अन् मंग एकदम नवी नवरी होऊन जाते. त्याईचे सासरे असताना याच गाडीत सारे जात. सासरे पुढे बसत, अन् वहिनी मांगं, नवऱ्याच्या पाठीशी, पदर घेऊन. तशीच बसते अजून. पुढची सीट रिकामी. मास्तर म्हने, रमा, पुढे ये व. थे म्हने, 'इश्श, मामंजी बसलेत ना!'"

इशिताने डोळे मिटले.

"पन गाडीत बसली का शांत होते. म्हनून आजकाल मास्तर रविवारी तिलेबी नेत होता. म्या मांगं जीप घेऊन कायले जातो? मास्तरले डाव्या डोळ्यानं दिसत नाई. डाव्या अंगानं कोनी येऊ नये म्हनून म्या अर्धा रस्ता अडवून चालतो. लोक शिव्या देते, पोलीस पावती देते. देऊ दे."

"आणि त्या दिवशी?"

"त्या पोरानं टपावर काठी मारली. वहिनीले वाटलं, सासऱ्याच्या गाडीले मारली. 'मामंजी रागावतील हो,' म्हने, 'थांबा, मी सांगते त्यांना.' अन् दार उघडून उतराले गेली. मारलं नाई व माय, कोनीच कोनाले मारलं नाई. बाई समजवाले उतरून राह्यली होती." त्यांनी कप बाकड्यावर ठेवला. "पोरगं पडलं तसा मास्तर उतरला. मले एकदाच म्हने, 'पंजाब, हिले ने.' म्या उचलून जीपीत टाकली अन् निघालो. दोस्त पोलिसाच्या हातात, अन् म्या पाठ दाखवून निघालो."

"पण बाबांनी खरं का नाही सांगितलं? आजारी बाईला कोण पकडणार होतं?"

"पोलिसाले नाई भ्याला तो."

"मग?"

पंजाबरावांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुले," ते म्हणाले. "वहिनी ठिकानावर असते तवा तिले समजते ना सारं. तिनं मास्तरले आन घातली. म्हने, इशिताला कळलं तर ती बाळ माझ्या मांडीवर द्यायची नाही."

चहावाला कुणाशी तरी भांडत होता. इशिताला एकेक दिवस आठवत गेला. अमरावतीला आली की सनदेच्या परीक्षेचा अभ्यास म्हणून ती जुईलीला सासूबाईंकडे सोपवून वर जायची. खाली आली की दर वेळी बाबा तिथेच, हाताच्या अंतरावर, पेपर घेऊन. पेपरचं पान कधी उलटलेलं नसायचं. नातीचं वेड, असं वाटायचं तिला. तो माणूस पहारा देत होता. बायकोची मांडीही राखत होता आणि नातीचा जीवही.

आणि रमाबाईंचं काही चुकलं नव्हतं. तिला कळलं असतं, तर तिने जुईलीला खरंच दिलं नसतं.

६

सकाळी डॉक्टर तपासून गेल्यावर इशिता एकटी आत गेली. तिने बाबांच्या कानाशी वाकून सांगितलं, "बाबा, मला कळलंय. मागचं दार."

त्यांचे डोळे उघडले.

"मी आज अद्वैतला सांगते. आईंना कुणी काही करणार नाही. आजारी माणसाला असा गुन्हा लागतच नाही. फक्त डॉक्टरांचा दाखला लागेल, आणि त्यांना एकदा विचारतील. घरी येऊनच विचारतील, मी शेजारी बसेन. तुमचं नाव धुऊन निघेल, बाबा. कॉलेजने तुमचा सत्कार रद्द केलाय, माहीत आहे का? पेपरात छापून आलंय. शुभंकर जेवत नाही…"

डावा हात चादरीवरून उठला. हवेत चाचपडला. तिला वाटलं, पाणी हवं असेल. पण तो हात तिच्या चेहऱ्यापर्यंत आला आणि तिच्या तोंडावर येऊन बसला. त्याला स्पिरिटचा वास येत होता. पंजा निघत नव्हता.

"लोक तुम्हाला काय काय म्हणतील, बाबा," ती त्या हाताच्या आडूनच म्हणाली.

हात घट्ट दाबला गेला.

तिने मान डोलावली. तरी हात तिथेच. दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने डोलावली, शपथ घेतल्यासारखी. तेव्हा कुठे तो खाली आला. मग त्यांनी अंगठ्याने तिच्या गालावरचं पाणी पुसायचा प्रयत्न केला आणि तो चुकला, कानाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते गेले. बाहेर स्टुलावरचा शिपाई उठून उभा राहिला. त्याने चौकीत फोन लावून सांगितलं, "आरोपी मयत."

७

आईंच्या आजाराचं इशिताने शुभंकरला सांगितलं. दाराचं नाही सांगितलं. त्याच्या एका फोनने बाप गेला, हे तो कसंबसं वाहत होता. त्याच फोनने पोलिसाची काठी आईच्या डोक्यावरच्या टपावर पडली, हेही त्याच्या पाठीवर ठेवायचं तिच्या जिवावर आलं. आणि बाबांना तर तिने कबूल केलंच होतं.

तेराव्याच्या दिवशी पंगत उठत असताना विपुल आला. साध्या कपड्यांत, हात अजून गळ्यात अडकवलेला. दुसऱ्या हातात फियाटची चावी.

"साहेबानं पाठवली. केस बंद झाली, गाडी न्या म्हनते." तो दारातच घुटमळला. "म्याडम, एक इचारू?"

"विचारा."

"काल गाडी बाजूले लावाची होती. म्या पुढचं दार उघडलं. ते तं उलटं उघडते! म्या आधी कदी उघडूनच पाह्यलं नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात. मी येऊन राहिलो होतो मांगून. मंग मले ते दार लागलं कसं?"

इशिताच्या पाठीमागे, ओसरीवर, शुभंकर हातात वाढपाची पळी घेऊन उभा होता. मुंडन केलेलं डोकं, उन्हात लहान मुलासारखं दिसणारं. पळी वाजायची थांबली, हे तिला न वळता कळलं.

"खरं सांगा," विपुल म्हणाला. "सरांनी नसन मारलं, तं म्या साहेबाले जाऊन सांगतो. पेपरवाल्यालेबी सांगतो. गलती झाली म्हनतो. मले कायचीच लाज नाई."

एक शब्द पुरला असता. त्याने तिला तो तळहातावर ठेवूनच दिला होता. आतल्या खोलीत रमाबाई जुईलीला काहीतरी गुणगुणत होत्या. गोदाबाई उंबऱ्यात बसून दोघींवर नजर ठेवून होत्या. हा शब्द बाहेर पडला, की पुढचा प्रश्न त्याच खोलीत शिरणार होता. मागे कोण होतं?

"तुम्ही पडलात, विपुल," ती म्हणाली. "डोळ्यापुढे काजवे आले, असं तुम्हीच सांगितलंत. अशा वेळी मागचं-पुढचं कुणाला नीट आठवतं? बाबांनी स्वतः सांगितलं ना?"

"म्हंजे सरांनीच?"

"हो."

पळी भांड्यात पडल्याचा आवाज आला. मग शुभंकरची पावलं मागच्या अंगणाकडे गेली.

विपुलने चावी तिच्या हातात दिली. "मले वाटलं होतं, तुमी नाई म्हनान," तो म्हणाला. "बरं वाटलं असतं मले." तो फाटकापर्यंत गेला, तिथून घराकडे वळून नमस्कार करायला त्याने हात उचलला, पण एकाच हाताने नमस्कार होईना, तेव्हा नुसतीच मान लववून गेला.

इशिता आत आली. रमाबाई पलंगावर पदर सावरून बसल्या होत्या. जुईली त्यांच्या बांगड्यांशी खेळत होती.

"मांडीवर घेता?" इशिताने विचारलं.

तिने जुईलीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः अगदी खेटून बसली, एक हात बाळाच्या पाठीमागे, टेकला न टेकलासा. रमाबाईंनी जुईलीच्या जावळातून बोटं फिरवली. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"कुणाचं ग हे?"

"तुमच्या शुभंकरचं, आई."

"चल, काहीतरीच," रमाबाई लाजून हसल्या. "माझं लग्न तर आत्ता झालंय." मग दाराकडे बघून त्यांनी आवाज हळू केला. "पण गोड आहे हो. राहू दे जरा वेळ माझ्याकडे?"

"राहू दे," इशिता म्हणाली.